शक्करखेडा, फतेहखेडा, साखरखेर्डा

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात छत्रपती संभाजीनगरातून जालना रस्त्याने पूर्वेला निघालं की चिकलठाण्याचा विमानतळ आणि शेंद्र्याचे कारखाने मागे पडतात. करमाडपासून दोन्ही बाजूंना शेतं सुरू होतात. सोयाबीनची सोंगणी आटोपत आलेली असते, सुड्यांवर ताडपत्र्या चढलेल्या असतात, कापसाची पहिली वेचणी सुरू असते. या रस्त्याने पुढे जाणारे प्रवासी बहुधा दोनच ठिकाणी निघालेले असतात. एक सिंदखेडराजा, जिजाऊंचं जन्मगाव. दुसरं लोणार, उल्केच्या आघाताने झालेलं सरोवर. साखरखेर्ड्याची पाटी पाहून तिकडे वळणारा प्रवासी विरळा.

त्या गावाच्या शिवारात ११ ऑक्टोबर १७२४ रोजी एक लढाई झाली. मुघल फौज मुघल फौजेशी लढली. बादशहा दोघांचा एकच होता, दोघांचे शिक्केही त्याच्याच नावाचे. हैदराबादचं आसफजाही राज्य १७२४ पासून मोजतात ते या लढाईमुळे. पुढे १७ सप्टेंबर १९४८ रोजी जे संपलं, ज्याच्या आठवणीसाठी मराठवाडा दरवर्षी मुक्तिसंग्राम दिन पाळतो, त्याची सुरुवात बुलढाणा जिल्ह्यातल्या या गावाजवळ झाली. तरीही सव्वादोनशे वर्षं टिकलेल्या राज्याच्या या पहिल्या दिवसाला आज नीट नावही नाही. ग्रंथांमध्ये ती शक्करखेड्याची लढाई आहे. जिंकणाऱ्याने गावालाच फतेहखेडा करून टाकलं. एसटीच्या पाटीवर मात्र साखरखेर्डा.

लढाई ज्या शहराच्या सुभेदारीसाठी झाली, त्यालाही नावांचा असाच इतिहास आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकीला राजधानी वसवली. पुढे त्याचा मुलगा फतेहखान याच्या नावावरून ती फतेहनगर झाली. दख्खनचा सुभेदार म्हणून आलेल्या औरंगजेबाने १६५३ मध्ये औरंगाबाद हे नाव दिलं, आणि २०२३ पासून शहर आणि जिल्हा छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखला जातो. जुन्या लढाईबद्दल लिहिणाऱ्याला म्हणून आधीच एक पथ्य ठरवावं लागतं: आजच्या शहराला आजचं नाव, आणि १७२४ च्या कागदांतल्या शहराला त्या कागदांतलं औरंगाबाद. तसं केलं नाही तर वाचकाला एकाच वाक्यात दोन शतकं भेटतात.

त्या औरंगाबादेत मलिक अंबरचा नौखंडा महाल होता आणि दख्खनच्या सुभेदाराचा कारभारही. भडकल दरवाजाही मलिक अंबरचाच, १६१२ चा. मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून तो बांधला असं सांगतात. पण दरवाजाच्या बाबतीत गोष्ट सोपी होती. जिंकणारा एक, हरणारा परका, आणि मध्ये दगडाची कमान. साखरखेर्ड्याच्या लढाईत परकं कोणीच नव्हतं.

औरंगजेब १७०७ मध्ये वारला आणि मुघल साम्राज्यात भावाभावांच्या लढायांची रांग लागली. त्याच वर्षी आग्र्याजवळ जाजऊला आझम आणि मुअज्जम हे सावत्र भाऊ एकमेकांवर चालून गेले, आझम मारला गेला. १७०९ मध्ये धाकटा कामबक्ष हैदराबादजवळ पडला. १७२० च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात दिल्ली दरबार चालवणाऱ्या सय्यद बंधूंची माणसं आणि मीर कमरुद्दीन यांच्यात दोन लढाया झाल्या. पहिली खांडव्याच्या बाजूला रतनपूरला झाली आणि दुसरी अकोला जिल्ह्यातल्या बाळापूरला. बाळापूरला पडलेला आलमअलीखान हा सय्यदांचा पुतण्या, औरंगाबादेतून दख्खन सांभाळणारा. त्याच्या बाजूने मराठ्यांची फौज होती, आणि दमाजी गायकवाडांनी नाव कमावलं ते याच लढाईत.

मीर कमरुद्दीन म्हणजे निजामुल्मुल्क. हा एक किताबच, १७१३ मध्ये फर्रुखसियर बादशहाने दिलेला. १७२२ मध्ये तो दिल्लीत वजीर झाला. तरुण मुहम्मदशहाच्या दरबारात त्याची शिस्त कोणाला रुचेना. १७२३ च्या अखेरीस हवापालटाचं आणि शिकारीचं निमित्त करून तो दिल्लीबाहेर पडला आणि दक्षिणेकडे वळला. मे १७२४ मध्ये धारजवळच्या नालछ्याला त्याची आणि बाजीराव पेशव्याची भेट झाली. त्याच सुमारास दिल्लीहून गुप्त हुकूम सुटले. दख्खनची सुभेदारी निजामाकडून काढून मुबारिजखानाला देण्यात आली, सोबत इमादुल्मुल्क हा किताब. मुबारिजखान हैदराबादचा सुभेदार होता, दहाएक वर्षं तिथे मुरलेला. खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बीदर, विजापूर आणि हैदराबाद हे दख्खनचे सहा सुभे. म्हणजे कालपर्यंत मुबारिजखान हा निजामाच्या हाताखालचा अधिकारी होता. आता त्याच्या हातात निजामाच्या जागेचं फर्मान आलं.

तो हैदराबादेहून औरंगाबादेकडे निघाला. निजाम त्याच्याआधी औरंगाबादेत पोचला होता. पत्रं गेली आणि आली, सलोख्याची बोलणी झाली, पण निष्पन्न काही झालं नाही. पावसाळा सरताना निजाम शहरातून बाहेर पडून पूर्वेला सरकला, आणि पूर्णेच्या पलीकडे, औरंगाबादपासून सुमारे ८० मैलांवर, दोन्ही फौजा समोरासमोर आल्या.

इथे प्रवासाचा रस्ता आणि त्या फौजेची दिशा एक होते. आजच्या गाडीला जालना तासाभरात लागतं. पोलादाच्या गिरण्या, बियाण्यांच्या कंपन्या, मोसंबीचे बाग आणि मध्ये कुंडलिका नदी. जालन्यापुढे तीसेक किलोमीटरवर सिंदखेडराजा, आणि त्याच्या अलीकडे कुठेतरी, झाडांत आणि मातीत काहीही फरक न पडता, मराठवाडा संपून विदर्भ सुरू होतो. ही सीमाही इतिहासाने काढलेली आहे. १७२४ नंतर हा सगळा मुलूख एकाच धन्याचा होता. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं आणि बुलढाणा एकीकडे, जालना दुसरीकडे गेलं. आजही दोन्हीकडची बोली सारखी आहे, सोयरिकी दोन्हीकडे आहेत, पण कार्यालयं वेगळी.

सिंदखेडराजात थांबायलाच हवं. लखुजीराव जाधवांचा राजवाडा, मोती तलाव, पुतळा बारव आणि लखुजीरावांची भव्य समाधी. १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीला इथे पाय ठेवायला जागा नसते. ऑक्टोबरात मात्र गाव निवांत असतं. समाधीच्या सावलीत उभं राहिलं की नावांचा आणखी एक गुंता समोर येतो. लखुजीरावांची मुलांसह हत्या १६२९ मध्ये दौलताबादला निजामशाही दरबारात झाली. ती निजामशाही अहमदनगरची, आणि तिचा हैदराबादच्या निजामाशी संबंध नाही. निजाम हा शब्द दोन्हीकडे किताबातूनच आलेला, पण घराणी वेगळी. शाळेत इतिहास शिकलेल्या कितीतरी माणसांच्या डोक्यात हे दोन निजाम आयुष्यभर एक होऊन बसलेले असतात.

सिंदखेडचे जाधव आपलं कूळ देवगिरीच्या यादवांपर्यंत नेतात. आणि आपसातल्या युद्धाला मराठीत जो शब्द आहे तो यादवांवरूनच आलेला: यादवी. प्रभास क्षेत्री यादव एकमेकांना मारून संपले, त्या कथेतला. ‘गृहयुद्ध’ हा नंतर घडवलेला शब्द. यादवी जुनी आहे आणि ती दोन्ही बाजूंना एकाच कुळात ठेवते. जाधवांच्या घराने तीही भोगली. दौलताबादला दरबार सुटताना खंडागळ्यांचा हत्ती बिथरला, त्यावरून जाधव आणि भोसले या सोयऱ्यांमध्ये तलवारी निघाल्या. लखुजीरावांचा मुलगा दत्ताजी पडला, मग विठोजी भोसल्यांचा मुलगा संभाजी पडला. जिजाऊंच्या एका बाजूला माहेर होतं आणि दुसऱ्या बाजूला सासर. या चकमकीचं वर्णन करताना कोणताही मराठी लेखक एका बाजूला शूर आणि दुसऱ्या बाजूला दुष्ट असं लिहीत नाही. लिहिताच येत नाही, कारण दोन्ही बाजू आपल्या. यादवीचं वर्णन कसं करावं याचा धडा या एका प्रसंगात आहे.

सिंदखेडराजा सोडून मेहकरच्या बाजूला निघालं की समृद्धी महामार्गाची भिंत आडवी येते. तिच्यावरून नागपूर-मुंबई गाड्या धावत असतात. खालच्या रस्त्यांवर मात्र बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि दुचाकीवर चाऱ्याचे भारे. जमीन हलकी उंचसखल आहे, काळी माती, मधूनच मुरमाड टेकाड, ओढ्यांच्या कडेला बाभळी. तोफा आणि हत्ती घेऊन फिरणाऱ्या फौजेला पावसाळ्यानंतर ही माती काय त्रास देत असेल, हे इथे एकदा पायी चालल्याशिवाय कळत नाही. चपलेखाली चिखलाचा थर जमतो आणि पाऊल जड होतं.

साखरखेर्डा हे मोठं, गजबजलेलं गाव आहे. पलसिद्ध महाराजांचा मठ आणि प्रल्हाद महाराज रामदासी यांचं संस्थान, या दोन स्थानांमुळे ते पंचक्रोशीत ओळखलं जातं. बाहेरगावाहून येणारा भाविक या दोन ठिकाणी जातो. लढाईसाठी येणाऱ्याला शिवारात जावं लागतं.

लढाई एका दिवसाची. मुबारिजखान हत्तीवर होता आणि तो लढताना पडला. त्याच्या मुलांपैकीही काही जण तिथेच पडले. संध्याकाळपर्यंत निकाल लागला होता. निजामाने मुबारिजखानाचं मस्तक दिल्लीला पाठवलं आणि एका बंडखोराचा निकाल लावल्याबद्दल बादशहाचं अभिनंदन केलं, असं इतिहासग्रंथांत येतं. बादशहाच्याच हुकमाने चालून आलेला माणूस असा बादशहाच्याच दरबारात बंडखोर म्हणून नोंदला गेला. दरबाराने ते मुकाट्याने मानलं. १७२५ मध्ये मुहम्मदशहाने निजामाला दख्खनची सुभेदारी बहाल केली आणि आसफजाह हा किताब दिला.

मग बंडखोर कोण? फर्मान पाहिलं तर निजाम. निकाल पाहिला तर मुबारिजखान. निष्पक्ष लिहिणाऱ्याने दोघांपैकी कोणालाच हा शब्द लावू नये. निजामाने दुसऱ्याला बंडखोर म्हटलं, एवढंच लिहावं, कारण घडलं ते एवढंच. ‘गादीचा खरा हक्कदार’, ‘विश्वासघातकी’, ‘नेस्तनाबूत’ हे शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी ठेवावेत. स्वतःच्या वाक्यात जागा, तारीख, दोन्ही सेनापती, प्रत्येकाचा दावा आणि परिणाम एवढं असलं की वाचकाला पुरतं.

मराठीत याहून सूक्ष्म पक्षपात आहे आणि तो क्रियापदात लपतो. ‘बाजीराव चालून गेले आणि निजाम पळाला’ हे वाक्य शेकडो पुस्तकांत या ना त्या रूपात सापडेल. एकाला अनेकवचन, दुसऱ्याला एकवचन. लेखकाने मत दिलं नाही, विशेषण लावलं नाही, तरी बाजू घेऊन झाली. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ही अडचण येत नाही, त्याचं क्रियापद मान देत नाही आणि काढूनही घेत नाही. मराठीत मात्र प्रत्येक वाक्यात निवड करावी लागते. म्हणून या लेखात १७२४ च्या रणातले सगळे एकवचनात आहेत, निजामही, मुबारिजखानही आणि बाजीरावही.

बाजीरावाचा उल्लेख यायलाच हवा. तो या मोहिमेत निजामाच्या बाजूने होता, आणि विजयानंतर निजामाने त्याचा मनसब देऊन गौरव केला, असं मराठी इतिहासकार लिहितात. निजामाच्या दृष्टीने लिहिलेल्या इतिहासात विजयाचं श्रेय निजामाकडे जातं. दोन्हींतला फरक खोटेपणाचा नाही, कोण कुठे उभा राहून पाहतो त्याचा आहे. जेमतेम साडेतीन वर्षांनी, फेब्रुवारी १७२८ मध्ये, हेच दोघे वैजापूरजवळ पालखेडला समोरासमोर आले. पाण्यावाचून कोंडलेल्या निजामाला तह करावा लागला आणि ६ मार्चला मुंगी-शेवगावला करार झाला. पालखेड मराठी मुलांना तोंडपाठ असतं. ते छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या पश्चिम भागात आहे, आणि साखरखेर्डा पूर्वेला, जिल्ह्याबाहेर. पालखेड लक्षात राहतं आणि साखरखेर्डा राहत नाही, याचं कारण महत्त्व कमीजास्त होतं हे नव्हे. पालखेडला ‘आपण’ जिंकलो. साखरखेर्ड्याला कोणासाठी टाळी वाजवावी हे कळत नाही, आणि ज्या लढाईत टाळी वाजवता येत नाही ती पाठ्यपुस्तकातून निसटते. हे बदलायला हवं.

जिंकणाऱ्याने मात्र आपली टाळी गावावर कोरून ठेवली. शक्करखेड्याचं त्याने फतेहखेडा केलं. फतेह म्हणजे विजय. खडकीच्या फतेहनगरात तोच शब्द आहे, मुलाच्या नावातून आलेला. आणि मराठ्यांच्या यादवीतही तो आहे: १७०७ मध्ये मुघल कैदेतून सुटून साताऱ्याकडे येताना शाहू महाराजांना औरंगाबादच्या परिसरात पारद गावी लढावं लागलं. तिथला लोखंडे पाटील पडला, त्याच्या विधवेने लेकरू महाराजांच्या पायांवर घातलं, आणि पहिल्या विजयाची आठवण म्हणून त्या मुलाचं नाव फत्तेसिंह ठेवलं गेलं. अक्कलकोटच्या भोसले घराण्याचा तो मूळपुरुष. शहर, गाव, मूल, तिन्हींना एकच शब्द चिकटला. ज्या बाजूचा तो विजय, तिच्या तोंडी तो शोभतो. पण हरलेल्यांच्या वारसांनी आपल्या बापाच्या मृत्यूची जागा फतेहखेडा या नावाने कशी सांगायची?

इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरांत आणि नकाशांत फतेहखेडा हे नाव बराच काळ टिकलं. सरकारी कागद ते लिहीत राहिला. लोक मात्र जुनंच नाव चालवत राहिले. शक्कर म्हणजे साखर, आणि फारसी लेखकाची शक्कर मराठी जिभेवर साखर झाली की साखरेची शक्कर त्याने केली, तो वाद बाजूला ठेवला तरी आज दोन्ही एकाच गावाची नावं आहेत हे स्पष्ट दिसतं. विजयाचं नाव गळून पडलं, वस्तीचं राहिलं.

अमेरिकेच्या यादवीत नावांचा हाच प्रश्न दुसऱ्या रूपात आला. जुलै १८६१ मधल्या पहिल्या मोठ्या लढाईला उत्तरेकडच्यांनी जवळच्या ओढ्यावरून बुल रन म्हटलं, दक्षिणेकडच्यांनी जवळच्या रेल्वे जंक्शनवरून मनॅसस. पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरातली लढाई एका बाजूसाठी अँटिएटम हा ओढा, दुसऱ्या बाजूसाठी शार्प्सबर्ग हे गाव. आज तिथल्या सरकारने जपलेल्या एका रणभूमीचं नाव मनॅसस आहे, दुसरीचं अँटिएटम. म्हणजे एक नाव युद्ध हरलेल्या बाजूचं आणि एक युद्ध जिंकलेल्या बाजूचं, दोन्ही सरकारी पाटीवर. आणि चारही नावं जमिनीची आहेत, त्यांत विजय कोणाचाच नाही.

तारखेचाही घोळ असाच आहे. मराठी आणि इंग्रजी पुस्तकांत साखरखेर्ड्याच्या लढाईची तारीख कुठे ३० सप्टेंबर मिळते, कुठे ११ ऑक्टोबर. चूक कोणाचीच नाही. १७५२ पर्यंत इंग्रजांकडे जुनं ज्युलियन पंचांग चालू होतं, ते अकरा दिवसांनी मागे, आणि जुन्या इतिहासकारांनी तेच वापरलं. एकच दिवस दोन नावांनी नोंदला गेला.

गावाजवळची जमीन त्यानंतरही रणांगण राहिली. १७५७ च्या डिसेंबरात सिंदखेडच्या मोहिमेत मराठे आणि निजामाची फौज पुन्हा याच परिसरात भिडली आणि पेशव्यांना पंचवीस लाखांचा मुलूख मिळाला. तोवर पहिला निजाम वारून नऊ वर्षं झाली होती, आणि त्याच्या मुलांत गादीसाठी आपसातच ओढाताण चालू होती. पहिल्या निजामाची कबर खुलदाबादला आहे, बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात. वेरूळला जाताना ती वाटेतच लागते. आसफजाहांची राजधानी १७६३ पर्यंत औरंगाबादेतच होती, मग ती हैदराबादला गेली.

परतीला संध्याकाळी शिवारातून बाहेर पडताना सोयाबीनच्या मळणीयंत्राची धूळ रस्त्यावर उतरलेली असते. या रस्त्याच्या कडेला एक साधा फलक उभा राहावा, असं इथे आलेल्या माणसाला वाटल्याशिवाय राहत नाही. त्यावर फार लिहायचं नाही: ‘साखरखेर्ड्याची लढाई, ११ ऑक्टोबर १७२४. दख्खनच्या सुभेदारीसाठी निजामुल्मुल्क आणि मुबारिजखान या दोन मुघल सरदारांच्या फौजा इथे लढल्या. मुबारिजखान मारला गेला. या लढाईनंतर हैदराबादच्या आसफजाही राज्याची सुरुवात झाली.’ त्यात विजयी, बंडखोर, शूर, गद्दार यांतला एकही शब्द नको.

लोणारला किंवा सिंदखेडराजाला जाणाऱ्यांनी एकदा तरी वाट थोडी वाकडी करून साखरखेर्ड्याला यावं. जमलं तर ऑक्टोबरात, आणि चिखल असेल तर थोडं पायी चालून.